केरबा जॉबर आणि अठरा मिनिटं

माझं नाव ख्वाजा. कोल्हापुरात शाहूपुरीत लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. डोकं तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. बायको म्हणते, दुकानावर पाटी लावा, 'दुरुस्तीबरोबर शिव्या मोफत'. पण यंदाच्या जानेवारीत केरबा जॉबर नावाच्या माणसानं माझ्या डोक्याचा जो भुगा केला, तसा बावीस वर्षांत कुठल्या मशीननं केला नव्हता.

सोमवारी सकाळी मी शटर वर करतोय, तर पायरीवर एक पासष्टीचा माणूस बसलेला. पांढरी टोपी, इस्त्रीचा पायजमा, शर्टाच्या खिशाला पेन्सिल आणि मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. म्हटलं, "काय पावणं, काय आणलंय?" उत्तर नाही. नुसते माझ्या तोंडाकडं टक लावून बघायलेत. मला वाटलं, दातात मेथी अडकलीय. मी तोंड पुसलं. तरी बघतच. मग बोलले, आणि एवढ्या मोठ्यानं बोलले की समोरचा झेरॉक्सवाला बाहेर आला.

"चार्जर हाय! लावला की चालतोय, मग बंद पडतोय!"

माणूस ऐकायला कमी आहे हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. केरबामामा गडमुडशिंगीचे. इचलकरंजीत यंत्रमागाच्या शेडमध्ये एकतीस वर्षं जॉबर होते. जॉबर म्हणजे बिघडलेला माग चालू करून देणारा. चोवीस माग एका छपराखाली खडखडत असताना कुठल्या मागाचा सूर बदलला, ते हा माणूस पाठमोरा उभा राहून सांगायचा. त्या खडखडाटानंच कान खाल्ले. कानाचं मशीन पोरीनं आणून दिलंय, पण ते कपाटात. "त्यात सगळंच ऐकू येतंय," म्हणतात. शेडमध्ये कुणाला कुणाचं ऐकू जात नाही, म्हणून मागावरची माणसं एकमेकांचे ओठ वाचतात. ती सवय अजून आहे. आपण ओरडलो की ओठ वेडेवाकडे होतात आणि मग त्यांना काहीच कळत नाही. हे मला सांगायचं ना कुणीतरी! मी चार दिवस घसा फोडून ओरडत होतो.

पुडक्यातनं चार्जर निघाला. इतका स्वच्छ, की मला आधी नवाच वाटला. बाकी लोकांचे चार्जर मी बघतो, तेल काय, चहा काय, एकाच्या चार्जरवर तर टूथपेस्ट होती. हा मात्र लखलखीत. सोबत एक चिठ्ठी, पेन्सिलीनं लिहिलेली. गुरुवार, अठरा मिनिटं. शुक्रवार, सतरा. शनिवार, अठरा.

"जॉबर हाय मी," मामा म्हणाले. "माग किती वेळात बंद पडतोय ते लिवल्याबिगर मागाला हात लावायचा न्हाई."

मला आवडलं. असं गिऱ्हाईक हजारात एक. मी चार्जर मीटरला लावला. एकोणीस व्होल्ट, काट्यावर काटा. दुकानातल्या लॅपटॉपला जोडला आणि त्यावर सिनेमा लावून दिला. अठरा मिनिटं झाली. वीस झाली. तास झाला. वायर मुरगाळून बघितली, मानेपाशी वाकवून बघितली, पिन हलवून बघितली. अहो, दोन तास चालला, आणि नुसता कोमट.

"मामा, चार्जर ठणठणीत हाय!" मी ओरडलो.

"न्हाई."

"अवो, न्हाई काय? डोळ्यांनी बघितलंसा की!"

"हितं चालतोय. घरात चालत न्हाई."

"चार्जरला काय ठाऊक, घर कुठलं आन् दुकान कुठलं?"

तसं मलाही ठाऊक नव्हतं, पण मी ते कबूल केलं नाही. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. मग जरा बारक्या आवाजात, म्हणजे गल्लीला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाले, "पोरगी त्याच्यावर काम करती वो. बंद पडलं की तिची नोकरी जातीया."

पोरीचं नाव पूर्णिमा. बीकॉम झालेली. चार वर्षांमागं कागलकडं दिली होती. दिवाळीला एक पिशवी घेऊन माहेरी आली ती परत गेली नाही. पुण्याच्या एका कंपनीचं घरबसल्या काम मिळालं, दवाखान्यांची कागदपत्रं तपासून टाईप करायची, रोज दहा ते दोन. लॅपटॉप जुना, भावकीतल्या कुणाचा तरी. त्याची बॅटरी मेलेली, म्हणजे चार्जर गेला की लॅपटॉप तिथल्या तिथं डोळे मिटतो. त्या जुन्या मॉडेलची बॅटरी मागवायला दहा-बारा दिवस लागणार होते. आणि मध्येच काम तुटलं की पुण्यात बसलेल्या साहेबाला लगेच दिसतं.

मी चार्जर परत दिला. मनात म्हटलं, घरातल्या बोर्डाचं सॉकेट ढिलं असणार. बोर्ड बदला म्हटलं. त्यांनी त्याच दिवशी वायरमन बोलावून नवा बोर्ड बसवून घेतला.

बुधवारी मामा पुन्हा पायरीवर. चिठ्ठीत नवी ओळ, नवा बोर्ड, अठरा मिनिटं.

आता माझं टाळकं सरकलं. मी कपाटातनं दुसरा चार्जर काढला, माझ्या स्वतःच्या वापरातला, आणि म्हटलं, हा घेऊन जावा. हा बंद पडला तर मी दुकान विकून भेळेचा गाडा लावतो. दोन्ही घेऊन मामा गेले. गुरुवारी तिसऱ्या प्रहरी परत आले, माझा चार्जर काउंटरवर ठेवला. चिठ्ठी सरकवली. दुसरा चार्जर, एकोणीस मिनिटं.

"एक मिनिट जास्त चालला," म्हणाले. त्या माणसाला माझ्या चार्जरची बाजू घ्यावीशी वाटली, तुम्हीच सांगा, मी काय करू?

मी त्यांच्यावर ओरडलो. खोटं कशाला सांगू. "तुमच्या घरात भूत हाय, माझ्याकडं येऊ नका, देवऋषाकडं जावा," असलं काहीतरी बोललो. मामांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, कळलं नाही म्हणून मान हलवली आणि म्हणाले, "सावकाश बोला वो, वाचता येईना." मग मला लाज वाटली. मी सावकाश म्हटलं, "उद्या लॅपटॉप आणा. पोरीलाबी आणा."

शुक्रवारी बापलेक आले. पूर्णिमा सडपातळ, डोळ्यांखाली काळं, केस घट्ट बांधलेले. बोलणं मोजून मापून. मी तिला काउंटरच्या आत खुर्ची दिली, तोच लॅपटॉप, तोच जुना चार्जर, आणि म्हटलं, कर बाई तुझं काम इथंच. दहाला बसली ती दोनला उठली. मध्ये एकदा दिवासुद्धा लुकलुकला नाही. मी दर पाच मिनिटांनी खाली वाकून बघत होतो. झेरॉक्सवालापण येऊन बघून गेला.

दोन वाजता तिनं कानावरचा हेडफोन काढला आणि बापाकडं बघितलं. ते बघणं मला काही कळलं नाही. पोरगी बापाकडं बघते तसं ते नव्हतं. मामा स्टुलावर बसून खिशातली पेन्सिल ब्लेडनं तासत होते.

मी तिला हळूच विचारलं, "घरात चार्जरला कोण हात लावतंय काय ग?"

"न्हाई," ती म्हणाली. फार पटकन म्हणाली.

मग तिनं मोबाईलवर कंपनीची मेल दाखवली. आठवड्यात चारदा काम तुटलंय, शनिवार शेवटची संधी, पुन्हा तुटलं तर काम बंद. आणि रविवारी तिचा दीर न्यायला येणार.

"भाई, काम टिकलं तर मी ऱ्हातो. न्हाई टिकलं तर जातो. कशाच्या जोरावर बसू हितं?" कोल्हापूरची पोरगी, 'जाते' म्हणणार नाही, 'जातो'च. "दिवाळीत भावकी बसली. सगळी म्हणाली, पाठवून द्या. आबा गप्प बसले. एक शब्द बोलले न्हाईत."

"सासरी तरास हाय?"

"मारत न्हाईत कुणी," ती म्हणाली. "तेच अवघड हाय. मारलं असतं तर सांगता तरी आलं असतं. फोन करायचा तर सासूच्या समोर बसून. माझी सर्टिफिकेटं कपाटात, किल्ली त्यांच्याकडं. चार वर्षांत एकटी मी दुकानापर्यंत गेलेलो न्हाई."

मी म्हटलं, मग उद्यापण इथंच ये, कामाचं काम होईल. ती मान हलवून म्हणाली, "उद्या झालं, मग सोमवारी? घरात चालतंय का न्हाई, ते मला रविवारच्या आत कळायला पायजे."

बरोबर होतं तिचं. मी विचारलं, घराशेजारी मोठी मोटर कुठली आहे का? ती म्हणाली, भिंतीला भिंत लावून गुंडूकाकाची पिठाची गिरणी आहे. आहा! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गिरणी चालू झाली की व्होल्टेज पडणार, चार्जर दम सोडणार. एवढं सोपं! मी मामांच्या पाठीवर थाप मारली. शनिवारी दुकान बंद ठेवून मीच येतो म्हणालो.

शनिवारी साडेआठला मी गाडीवरनं गडमुडशिंगीत पोचलो. घर दोन खोल्यांचं, पुढं अंगण, आणि शेजारी गिरणी धडधडतीय. घरभर पिठाचा वास. खिडकीच्या गजांवर, टीव्हीवर, कॅलेंडरवर पिठाचा पातळ थर. मी घरात पाऊल टाकायच्या आधी गिरणीत घुसलो. गुंडू म्हणजे आडदांड माणूस, भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या. मी म्हटलं, तुमच्या मोटरनं पोरीचं काम बंद पडतंय.

"माझ्या मोटरनं?" तो कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. "वीस वर्षं झाली गिरणीला. केरबाचा टीव्ही बंद पडला न्हाई, फ्रीज बंद पडला न्हाई, आन् तुमचा तेवढा बोटभर चार्जर बंद पडतोय व्हय? नाचता येईना अंगण वाकडं!"

माझं डोकं गेलं. त्याचंही गेलं. दळणाला आलेल्या बायका डबे खाली ठेवून ऐकत बसल्या. शेवटी त्यानं धाडकन खटका पाडला. "घ्या, बंद केली! आता बंद पडला तर ह्या सगळ्यांची दळणं तुम्ही दळायची, जात्यावर!"

मी आत जाऊन चार्जर लावला, मीटर जोडला आणि घड्याळ बघत बसलो. अर्धा तास चालला. मी अंगणात येऊन छाती फुगवून म्हणालो, "बघा! गिरणीच होती!" गुंडूनं काही न बोलता खटका वर केला. गिरणी धडधडायला लागली. मी पळत आत. मीटरचा आकडा जरासा खाली आला आणि थांबला. चार्जरचा दिवा तसाच. दहा मिनिटं, वीस मिनिटं, पस्तीस मिनिटं. काही नाही. मी बाहेर यायचं टाळलं, पण गुंडू दारातच उभा होता.

"मग काय, जातं आणू?" म्हणाला.

मी हात टेकले. अहो, बंद पडत असतं तर काही इलाज तरी करता आला असता. चालू आहे त्याला काय दुरुस्त करायचं? चार्जर चांगला, बोर्ड चांगला, लॅपटॉप चांगला, वीज चांगली, आणि रोज अठरा मिनिटांत सगळं ठप्प. या अल्ला, मी मनात म्हटलं, बावीस वर्षं मी काय भजी तळली?

दहाला पूर्णिमा कामाला बसली. आतल्या खोलीत भिंतीकडं टेबल, टेबलावर लॅपटॉप, चार्जर खाली पायांच्या मागं जमिनीवर. तिचा चेहरा पांढराफटक. साहेब म्हणे पहिला अर्धा तास फोनवरच राहणार होता. तिनं हेडफोन लावला आणि आम्हाला हातानं जावा म्हटलं. मी सोप्यात येऊन बसलो. मामांनी स्वतः केलेला चहा दिला आणि ते आतल्या खोलीतनं मागच्या दारानं परसात गेले.

चहा पिऊन झाला. माझा मीटर आतच राहिला होता. दहा-बारा मिनिटं झाली असतील, मी पाय न वाजवता आत गेलो, मीटर उचलायला खाली वाकलो, आणि मला चार्जर दिसेना. जिथं चार्जर होता तिथं एक कापडाचं गाठोडं होतं.

गाठोडं नव्हे, झबलं म्हणा. मांजरपाटाचं दुहेरी कापड, आत जुन्या स्वेटरचं अस्तर, दोन्ही टोकांना वायर बाहेर यायला काजं केलेली, आणि वरनं नाड्या. टाके असे की मशीननं घातल्यासारखे, पण हाताचे. नाड्यांची गाठ आताच मारलेली. कापड अजून थोडं दमट होतं. मी हात लावला आणि चटका बसला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी गाठ सोडायच्या भानगडीत पडलो नाही. सरळ फाडलं. कापड टर्रकन फाटलं, चार्जर बाहेर आला, विस्तवासारखा तापलेला, पण दिवा चालू. अजून चार-पाच मिनिटं गेली असती तर त्यानं स्वतःला वाचवायला स्वतःच बंद केलं असतं. चार्जरची ती रीतच असते, फार तापला की बंद, निवला की पुन्हा तयार. मी तो फरशीवर मोकळा ठेवला, खाली दोन काड्यापेट्या सरकवल्या. पूर्णिमाचं तिकडं लक्ष नव्हतं, साहेबाशी बोलत होती.

मी मान वर केली तर दारात मामा उभे. माझ्या हातातल्या फाटक्या कापडाकडं बघत.

ओरडायची सोय नव्हती. बोलायचीसुद्धा सोय नव्हती, पोरगी फोनवर. मी त्यांच्याकडं तोंड केलं आणि आवाज न काढता, एकेक शब्द ओठांनी सुटा करून म्हटलं, "हे, कुणी, शिवलं?"

त्यांनी स्वतःच्या छातीला बोट लावलं.

"रोज, घालता?"

मान हलवली. होय.

"ह्याच्यानं, तापतोय. ह्याच्यानं, बंद पडतोय."

त्यांनी वाचलं. त्यांना पुन्हा विचारावं लागलं नाही. मागाच्या माणसाला तापलेल्या मोटरीचं काय सांगायचं? ते भिंतीला धरून खाली बसले.

मी त्यांना अंगणात आणलं. तिथं हळूहळू सगळं कळलं. शेडमध्ये कापसाचं तूस उडतं, गरम खटक्याच्या पेटीवर बसतं आणि एके दिवशी भसकन पेट घेतं. मामांच्या डोळ्यांदेखत एका जोडीदाराचा हात कोपरापर्यंत भाजला होता. इथं घरात तूस नाही, पण पीठ आहे. गरम डबीवर पीठ बसणार, आणि त्या डबीला पाय लावून आपली पोरगी चार तास बसणार. म्हणून त्यांनी ते शिवलं. पोरगी हसेल म्हणून तिला सांगितलं नाही. ती कामाला बसली की वाकून गुपचूप घालायचं. बंद पडला की जॉबरची सवय, आधी कापड सोडवायचं, मग चार्जर उजेडात आणायचा. ती वळून बघेपर्यंत चार्जर उघडा. माझा चार्जर आणला त्यालाही तेच घातलं. आणि मी येणार म्हणून आज सकाळी धुऊन परसात दोरीवर टाकलेलं होतं, ते ती कामाला बसल्यावर काढून आणलं.

"मग मला का सांगितलं न्हाई वो? आठवडाभर मी काय झक मारत हुतो?"

"पिशवीचा काय संबंध, असं वाटलं," मामा म्हणाले. "चार्जर गरम हुतोय म्हणूनच पिशवी घातलेली. तिचा पाय पोळाय नको."

मी कपाळाला हात लावला. हसूही येईना, रडूही येईना. मी म्हटलं, जाऊ द्या मामा, तिला काही सांगू नका. मी सांगतो, पिन ढिली होती म्हणून. त्यांनी माझे ओठ वाचले आणि मान फिरवली. मान फिरवली म्हणजे त्या माणसाशी बोलणं संपलं, कारण मग त्याला काही कळतच नाही.

दहा ते दोन. मी दुकान उघडायला गेलो नाही, माझा पाय निघेना. गुंडू मध्ये येऊन बसला, त्याला मी सांगितलं, तो दोन घोट चहा पिऊन परत गेला. मामा आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून होते, तोंड आत. चार तासांत एकदा पाणी प्यायले. चार्जरचा दिवा चालू आहे का ते बघत होते. मला मनातनं खात्री होती की आता काही होत नाही, तरी मीही दर थोड्या वेळानं बघून येत होतो.

दोनला पूर्णिमा बाहेर आली. हेडफोन गळ्यात. "झालं," म्हणाली. "कायम केलं मला." आनंदानं नव्हे, काहीच न कळल्यासारखं म्हणाली. मग माझ्याकडं वळून, "भाई, काय हुतं?"

मी तोंड उघडलं. पण मामा उठून उभे राहिले होते.

"पूर्णे!" तो आवाज गिरणीच्याही वर गेला. दळणवाल्या बायका वळल्या. "मी बंद पाडत हुतो! मी! ह्या हातानं!"

त्यांनी फाटकं कापड वर धरलं. पूर्णिमानं ते बघितलं, बराच वेळ बघितलं. उलटंपालटं केलं, अस्तरातनं बोट फिरवलं. मग काहीतरी बोलली. मी दोन हात अंतरावर उभा होतो, मला ऐकू आलं नाही. नुसते ओठ हलले. पण ते ज्यांच्यासाठी होतं त्यांनी वाचलं.

"पाठवायचं?" मामा ओरडले. "तुला? मी पाठवतोय तुला?"

पोरगी रडायला लागली. रडत रडत माझ्याकडं बघून म्हणाली, "भाई, आबा रोज खाली वाकायचे, आन् थोड्या वेळानं बंद पडायचं. मला वाटलं, मुद्दाम करत्यात. काम गेलं की मी आपसूक जाईन, त्यांना तोंडानं सांगाय नको."

"आग मग विचारायचं की!" माझाही आवाज चढला. "दहा दिवस एका घरात बसून विचारलं न्हाईस?"

"व्हय म्हणाले असते तर?" ती म्हणाली.

मामांनी तेही वाचलं असावं, कारण त्यांचा चेहरा कसनुसा झाला. टोपी काढून हातात घेतली. "त्या दिवशी भावकी बसली हुती," म्हणाले, "सगळी एकदम बोलत हुती ग. कुणाच्या तोंडाकडं बघू? मला वाटलं, शेताच्या बांधाचं काय तर चाललंय. मला कळलंच न्हाई तुझ्यावर बोलाय लागलीत. कुणी विचारलंच न्हाई मला."

ती खाली बसली, अंगणातच, पिठात. मामा तिच्या समोर बसले. मी मीटर पिशवीत भरायचं नाटक करत होतो, माझ्या डोळ्यांत पीठ गेलं होतं म्हणा. मग मामा एकदम म्हणाले, "फोन लाव."

"कुणाला?"

"तुझ्या दिराला. उद्या यायचाय न्हवं त्यो?"

तिनं लावला. मामांनी फोन हातात घेतला आणि कानाला लावायच्या ऐवजी तोंडासमोर धरला, आरशात बघतात तसा. पलीकडून कुणीतरी हॅलो हॅलो म्हणत होतं, ते आम्हाला ऐकू येत होतं, त्यांना नाही.

"मी केरबा बोलतोय," ते ओरडले. "उद्या येऊ नका. पोरगी यायची न्हाई. तिला हितं नोकरी लागल्या. आन् नोकरी नसती लागली तरीबी यायची न्हाई. तिची सर्टिफिकेटं तेवढी पाठवून द्या."

पलीकडचा आवाज चढला. भरभर बोलायला लागला, रीतभात काढली, लग्नाचा खर्च काढला, चार माणसांत बसू म्हणाला. मामा फोनकडं शांतपणे बघत होते. त्यांच्या तोंडावरची रेषसुद्धा हलली नाही. तो बोलतच होता, तेवढ्यात त्यांनी फोन पूर्णिमाच्या हातात दिला. तिनं घाबरून तो बंद केला आणि बापाच्या समोर तोंड करून विचारलं, "आबा, काय म्हणाला त्यो?"

"कुणाला ठाऊक," मामा म्हणाले. "मला कुठं ऐकू येतंय!"